तेरा दिवसांची ओळ

एका सोमवारी आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीनवर एक लाल ठिपका उगवला, आणि त्यानंतर काही आठवडे मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी स्वतःला नावं ठेवायला लागलो, तर तो विनय आहे असा कुणाचा गैरसमज नको.

ठिपका तसा साधा होता. आकड्यांचे तक्ते करायच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर डोकं खुपसून बसायचो, त्यातच तो आला होता. तो दाबायचा आणि नेहमीसारखं काम करायचं. इथली तारीख तिथे न्यायची, ही ओळ पुसायची, तो रकाना रंगवायचा. काम संपलं की ठिपका पुन्हा दाबायचा. आपण जे जे केलं ते सॉफ्टवेअरने एकाखाली एक ओळींत लिहून ठेवलेलं असायचं. त्याला म्हणायचं स्क्रिप्ट. ती उघडून हवी तशी दुरुस्त करता यायची, आणि पुढच्या वेळी बटण दाबलं की ते काम आपल्याशिवाय व्हायचं. यातला 'आपल्याशिवाय' हा भाग त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही.

आमची कंपनी डॅलसजवळच्या अर्विंगमधली. घरी असलेल्या आजारी माणसांना हॉस्पिटलचे बेड, ऑक्सिजनची यंत्रं, व्हीलचेअर वगैरे भाड्याने पोचवायची आणि गरज संपली की परत आणायची. आमचा साहेब अस्सल टेक्सन. सुटाखाली काउबॉय बूट घालणारा, माणूस म्हणून वाईट नाही, पण त्याला दर तीन महिन्यांनी कसला तरी झटका यायचा. आदल्या झटक्यात आम्ही सगळे उभ्याने मीटिंगा करत होतो. या वेळी प्रत्येकाने आपापलं काम रेकॉर्ड करायचं होतं, आणि त्यावर देखरेख करायला एक 'ऑटोमेशन चॅम्पियन' नेमायचा होता. साहेबाने विचारलं, कोण होतंय? टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. मी हात वर केला. शाळेत फळा पुसायला कोण येतंय म्हटल्यावर ज्याचा हात आधी वर जायचा, तोच मी. मला एक निळा मग मिळाला. त्यावर 'चॅम्पियन' असं लिहिलं होतं आणि तो डिशवॉशरमध्ये घालायचा नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी जे रेकॉर्डिंग पाहिलं त्याने अमेरिकन कार्यक्षमतेवरचा माझा विश्वास उडाला. समोरच्या क्यूबिकलमधला एक गृहस्थ दर मंगळवारी दीड तास जो रिपोर्ट करायचा, त्यातला तासभर तो एकाच रकान्याचा रंग बदलत होता. निळा, मग फिका निळा, मग पुन्हा निळा. ठिपक्याने इमानेइतबारे एकोणतीस ओळी लिहिल्या होत्या. मी त्यातल्या अठ्ठावीस पुसल्या आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग काकूंची पाळी आली.

काकू म्हणजे आमच्या ऑफिसातल्या, मूळच्या नागपूरच्या, साठीला टेकलेल्या बाई. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, डब्यात काय आणलंय ते पाहिलं आणि तेव्हापासून मी त्यांना काकू म्हणतो. दर शुक्रवारी पुढच्या दोन आठवड्यांची यादी त्या करायच्या. कुठल्या घरी काय पोचवायचं आणि कुठल्या घरून काय परत आणायचं. एकोणीस वर्षं हेच काम. शुक्रवारी सकाळी बसल्या की जेवायच्या सुट्टीपर्यंत उठायच्या नाहीत.

त्यांची एक गोष्ट ऑफिसात फक्त मला माहीत होती. काकांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू अजून नीट चालत नव्हती. औषधं, व्यायाम घ्यायला येणारी बाई, महिन्याची तपासणी, सगळं काकूंच्या नोकरीच्या विम्यावर. काकांना पासष्ट पूर्ण झाली की सरकारी विमा लागू होणार होता. त्याला चौदा महिने होते. तोवर नोकरी गेली की विमा गेला, एवढं सरळ होतं. काकू गाडीसुद्धा हल्ली उजव्या, म्हणजे इथल्या संथ लेनमधून हळू चालवायच्या. चौदा महिने कुठेही धक्का लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"माझं काय रेकॉर्ड करतोस रे?" त्या म्हणाल्या. "मी तर सिंपल काम करते."

"सिंपल आहे म्हणूनच करायचं, काकू. तुमचा त्रास वाचेल."

मी हे अगदी मनापासून म्हणालो. इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं तरी मान खाली जाते.

त्या शुक्रवारी काकू इस्त्रीचा कुर्ता घालून आल्या. रेकॉर्डिंग म्हणजे फक्त माऊस आणि कीबोर्डचं, तुमचा फोटो येणार नाही, हे मी सांगितलं होतं, तरी त्या स्टुडिओत बसल्यासारख्या ताठ बसल्या आणि चहाला शिवल्या नाहीत. मी त्यांच्यामागे खुर्ची ओढून बसलो आणि ठिपका दाबला. काकूंनी नवा तक्ता उघडला, पहिल्याच चौकोनात 'श्री' लिहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि ते पुसून कामाला लागल्या. ठिपक्याने दोन्ही ओळी लिहिल्या. लिहिलं, पुसलं. पुढे साहेबाने मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या पाहिल्या तेव्हा त्याला वाटलं आमच्या सिस्टिममध्ये व्हायरस शिरलाय.

त्या दिवशी काकू चार तास काम करत होत्या आणि त्यातला निम्मा वेळ फोनवर होत्या. फोन करायच्या, हळू आवाजात बोलायच्या, मध्येच नुसतं ऐकत बसायच्या, वहीत काहीतरी टिपायच्या, मग एका ओळीत तारीख घालायच्या. पुन्हा फोन. मी सुरुवातीला लक्ष दिलं, नंतर कंटाळून माझा मोबाइल बघायला लागलो. फोनचं ठिपक्याला काही कळत नव्हतं. त्याच्या लेखी काकू त्या वेळात काहीच करत नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी.

सोमवारी मी स्क्रिप्ट उघडली. चारशेच्या वर ओळी. मी बाह्या सरसावल्या आणि एकेक छाटायला लागलो. 'श्री' छाटला, रंग छाटले. शेवटी परत आणायच्या बेडांच्या तारखा उरल्या. पेशंट गेला की त्याच्या घरून बेड उचलायचा, त्यासाठी तीन दिवसांची मुदत होती. कंपनीच्या नियमांतच तसं लिहिलेलं होतं. काकूंनी घातलेल्या तारखा मात्र तीनच्या कुठेच जवळपास नव्हत्या. एका रकान्यात माणूस गेल्याची तारीख, दुसऱ्यात काकूंची. मी वजाबाकी केली. तेरा. पुढची ओळ, तेरा. तेरा, तेरा, तेरा. अकरा घरांपैकी नऊ घरी तेरा, आणि दोन घरी दुसऱ्याच दिवशी ट्रक. ती दोन मला काकूंच्या चुका वाटल्या. बाकीच्या नऊ घरांचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जेवायच्या सुट्टीत काकू मायक्रोवेव्हपाशी पोळीभाजी गरम करत होत्या. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"काकू, ते तेरा दिवस..."

"काय तेरा दिवस?"

"बेड उचलायचे. पॉलिसीत तीन आहेत."

त्यांनी डबा बाहेर काढला, पोटावर धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं मीच काहीतरी चोरलंय. "पॉलिसी लिहिणाऱ्याच्या घरातलं कुणी गेलं नसेल अजून," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी, घरात पाहुणे रडून राहिले, आणि आपण ट्रक घेऊन दारात? बेड द्या म्हणून?"

"पण ही सगळी अमेरिकन माणसं आहेत, काकू. त्यांना कुठे तेरावा असतो?"

"त्यांना नसेल. मला आहे."

एकोणीस वर्षं. डॅलसच्या आसपासच्या किती घरांत काकूंनी गुपचूप तेरावा पाळला असेल, आणि त्या घरांना वाटत असेल कंपनी जरा ढिली आहे. मला हसू आलं. मग काकूंनी माझा दंड धरला. "साहेबाला सांगू नको. रूल मोडला म्हणून काढतील मला. चौदा महिने फक्त, अरे. तेवढे जाऊ दे."

मी शब्द दिला, आणि तो पाळलाही. पाळण्याची माझी रीत मात्र अशी, की त्यापेक्षा चहाडी केली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी साहेबासमोर डेमो होता. मी तेराची ओळ स्क्रिप्टमध्ये तशीच ठेवली होती, कारण तीन केले असते तर खरोखरच ट्रक गेले असते. ती दोन 'चुकीची' घरं मात्र मी दुरुस्त करून तेरात बसवली. बटण दाबलं. अकरा सेकंदांत यादी तयार. काकूंचे चार तास, माझे अकरा सेकंद. साहेबाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या काकूंनीही वाजवल्या.

साहेब स्क्रीनजवळ गेला आणि बरोब्बर त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तेरा का? आपल्याकडे तीन आहेत ना?"

काकूंनी टाळ्या वाजवलेले हात तसेच मांडीत धरले. माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "ग्रेस पिरिअड आहे तो. घरच्यांच्या दुःखासाठी. काही संस्कृतींत दोन आठवड्यांच्या आसपास शोक पाळतात, त्याचा विचार करून."

साहेबाचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही, त्या माणसाचे डोळे खरंच भरून आले. त्याची आई आदल्या वर्षी गेली होती, हे मला तेव्हा कळलं. "हे सुंदर आहे," तो म्हणाला, आणि मार्कर घेऊन फळ्यावर लिहिलं: 'कम्पॅशन विंडो', म्हणजे सहानुभूतीची मुदत. दोन मिनिटांत ती आमच्या कंपनीची ओळख झाली होती, पाचव्या मिनिटाला तिची स्लाइड कुणी करायची ते ठरलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकूंना वाचवलं, माणुसकी वाचवली, वर टाळ्या मिळवल्या.

"म्हणजे या कामातलं सगळंच आलं यात?" साहेबाने जाता जाता विचारलं. "स्क्रिप्टला जमत नाही असं काही राहिलंय का?"

"काही नाही," मी म्हणालो. "शंभर टक्के."

मला वाटलं तो माझ्या स्क्रिप्टबद्दल विचारतोय. तो काकूंबद्दल विचारत होता. इंजिनिअर माणसाला आपल्या कामाचं कौतुक चालू असताना शेजारी काय चाललंय ते कळत नाही, ही सबब मी बरेच दिवस वापरली. ती खरी नाही. मला कळलं असतं. मी बघितलंच नाही.

तीन आठवड्यांनी काकूंना एचआरने बोलावलं. कामगिरीबद्दल तक्रार नाही, फक्त पोझिशन राहिलेली नाही, महिनाअखेरपर्यंत या. आणखी चार शुक्रवार. काकू बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी यादी पुढे करायला घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो तर म्हणाल्या, "काकांना अजून सांगायचं आहे. तू जा आता."

मी जागेवर येऊन साहेबाला मेल लिहायला बसलो. लांबलचक मेल, माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा. त्यासाठी मी आधी ती दोन 'चुकीची' घरं शोधून काढली. काकूंच्या टेबलावरच्या फोनच्या वहीत त्या घरांच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एका घरी मुलीने सांगितलं होतं, आईचा बेड डोळ्यांसमोर नको, उद्याच्या उद्या न्या. दुसऱ्या घरात एक म्हातारे आजोबा बेड जाईपर्यंत सोफ्यावर झोपत होते, कारण बायकोच्या खोलीत त्यांचं पाऊल पडत नव्हतं. म्हणजे काकू आधी विचारत होत्या, आणि ज्यांना सांगता येत नव्हतं त्यांना तेरा दिवस देत होत्या. ठिपक्याने तारीख टिपली, विचारणं टिपलं नाही, आणि मी तर त्या दोन घरांचं उत्तरही खोडून टाकलं होतं. मी लिहिलं की स्क्रिप्ट शंभर टक्के आहे असं मी म्हणालो ते चूक होतं. या कामाचा अर्धा भाग फोनवर होतो, तो कुठेच आलेला नाही, आणि तो करणारी बाई तुम्ही काढून टाकताय.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'फारच चांगला मुद्दा! हे फोनही रेकॉर्ड करून घेता येतील का? तिचे अजून चार शुक्रवार आहेत.' पुढे अंगठ्याचं चित्र.

मी कपाळाला हात लावला. खुर्ची उचलून काचेवर आपटावी असं वाटलं. शेवटी लॅपटॉप तसाच उघडा घेऊन काकूंकडे गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवला.

काकूंनी चष्मा पुसला, मेल वाचला, पुन्हा वाचला. मग त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"बस," त्या म्हणाल्या. "उत्तर लिहू. इंग्लिश तुझं, मॅटर माझं."

मी बसलो.

"लिही. सगळे फोन सारखे नसतात. नवरा गेला तर वेगळा, आई गेली तर वेगळा, लेकरू गेलं तर फारच वेगळा. प्रत्येक टाइपचे निदान वीस-वीस कॉल पाहिजेत. लिहिलं?"

"लिहिलं."

"सणांचे वेगळे. थँक्सगिव्हिंगला, ख्रिसमसला लोक वेगळं बोलतात. म्हणजे पूर्ण वर्षाची एक सायकल पाहिजे. बारा महिने." त्या थांबल्या. "आणि मग तुमचं ते काय असतं, सगळं झाल्यावर पुन्हा बघतात ते?"

"रिव्ह्यू."

"दोन महिने रिव्ह्यू."

मी टाइप करायचा थांबलो. काकूंचा चेहरा अगदी गंभीर होता. "बेरीज तू कर," त्या म्हणाल्या, "चॅम्पियन आहेस ना."

मी बेरीज केली, खाली एक रंगीत तक्ता जोडला, प्रत्येक टप्प्याला इंग्रजी नाव दिलं आणि मेल पाठवला. काढून टाकण्याच्या बाबतीत साहेबाने एका मिनिटात निर्णय घेतला होता. प्रकल्पाच्या बाबतीत त्याला तेवढाही वेळ लागला नाही. काकू त्या प्रकल्पाच्या प्रमुख झाल्या. त्यांनाही निळा मग मिळाला, आणि त्यात त्या पेनं ठेवायच्या.

पुढे वर्षभराहून जास्त काकू दर शुक्रवारी फोन करत राहिल्या. समोरच्या माणसाची परवानगी घ्यायच्या, फोन रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दाबायच्या, बोलायच्या. यादीत तारखाही पुन्हा त्या स्वतःच घालायच्या, कारण प्रकल्प संपेपर्यंत स्क्रिप्ट थांबवून ठेवायची असं आम्ही टप्पा एकमध्येच बारीक अक्षरात घातलं होतं. साहेबाला मध्येच दुसराच कसला तरी झटका आला आणि तो ह्यूस्टनच्या ऑफिसात मोठ्या जागेवर गेला. कम्पॅशन विंडोची स्लाइडही तो बरोबर घेऊन गेला.

काकांना पासष्ट पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी राजीनामा दिला. केक कापला, सगळ्यांना बर्फी वाटली, माझ्या हातात फोनची वही दिली आणि म्हणाल्या, "आता तुझं तू बघ." त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनी पार्किंगमधून गाडी काढली आणि सरळ डाव्या लेनला लागल्या.

पुढच्या शुक्रवारी यादी माझ्याकडे आली. सहा घरं. मी पहिला नंबर लावला, पलीकडे घंटी वाजायला लागली आणि मी घाईघाईने फोन ठेवून दिला. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. चार तास त्यांच्या पाठीमागे बसून मी मोबाइल बघत होतो. मग आठवलं, वर्षभराची रेकॉर्डिंग आहेत. फोल्डर उघडला. शेकडो फाइली, आणि आजवर एकही कुणी ऐकलेली नव्हती. मी कानाला हेडफोन लावला आणि पहिलीच फाइल सुरू केली.

एक बाई बोलत होती, बहुधा मुलगी. वडील कालच गेलेत. पाहुणे विमानाने येतायत, खोली अजून तशीच आहे, तुम्ही म्हणत असाल तर आज आवरून ठेवते, पण मला ते जमेल असं वाटत नाही. तुमच्या कागदावर तर तीन दिवस लिहिलंय. मग ती रडायला लागली. बराच वेळ दोन्हीकडून काहीच आवाज नव्हता. मी फाइल संपली की काय म्हणून बघितलं, तर संपली नव्हती.

मग काकूंचा आवाज आला, त्यांच्या त्या नागपुरी इंग्रजीत, अगदी ओशाळलेला. "तुम्ही काहीच आवरू नका. माफ करा हं, पण आमच्याकडचं सॉफ्टवेअर फार हळू आहे. त्याला तेरा दिवस लागतात."